गुडघा जुना, हौस नवी: ताईची शिकायची तर कुणाकडे?

प्रश्न: नमस्कार. मी निपाणीचा, वय ४४. पंचविशीपर्यंत गावच्या तालमीत होतो. एका कुस्तीत उजवा गुडघा मुरगळला. गादीला चीर आहे, पण ऑपरेशन नको, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले. आता वखारीत दिवसभर बसून हिशेब लिहितो. चिनी अंतर्गत युद्धकला, म्हणजे ताईची, शिंगयी, बाग्वा यातलं काहीतरी, शिकायची लई दिवसांची हौस आहे. चार महिने झालं शिक्षक शोधायलोय. तीन वाटा दिसतात. बेळगावात कराटेचे एक सर रविवारी ताईचीचा २४ प्रकारांचा फॉर्म (ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली) शिकवतात, महिना ८०० रुपये. कोल्हापुरात एक वयस्कर गृहस्थ आहेत, ताईचीच्या वू शैलीचे. पैसे घेत नाहीत, पण सहा महिने नुसतं उभं करतात आणि ढकलाढकली करून घेतात, फॉर्म शिकवत नाहीत असं ऐकलं. तिसरं, गोव्यात पाच दिवसांचं शिबिर आहे, ‘अस्सल चेन घराणं’, ३५ हजार रुपये, शेवटी शिक्षक म्हणून प्रमाणपत्र. मित्र म्हणतो चेनच खरी, बाकी सगळा म्हाताऱ्यांचा व्यायाम. मला बाग्वातलं ते गोलात चालणंही आवडतं. कुठली शैली धरू? कुणाकडं जाऊ? आणि ह्यात खरी मारामारी असते का नुसते हवेत हात?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: नमस्कार. पहिली भेट कोल्हापूरच्या गृहस्थांची घ्या, दुसरी बेळगावच्या सरांची, आणि गोव्याचे ३५ हजार सध्या खिशातच राहू द्या. हा झाला क्रम. निकाल तुम्ही तिथं जाऊन, बघून आणि हात लावून द्यायचा आहे. त्यामुळे काय बघायचं तेच जरा सविस्तर सांगतो.

त्याआधी गुडघा. चालताना गुडघा मध्येच अडकतो का? जिना उतरताना दगा देतो का? दिवसभराच्या धावपळीनंतर संध्याकाळी सुजतो का? यातलं एकही होत असेल तर शिक्षकाआधी हाडांच्या डॉक्टरांना भेटा. वीस वर्षांपूर्वीच्या निदानावर आज विसंबू नका. यातलं काही होत नसेल, नुसती थंडीत कुरकुर असेल, तर शिकायला हरकत नसते. पण गुडघा कशानं बिघडतो हे पक्कं समजून घ्या, कारण शिक्षक पारखताना निम्मं काम याच माहितीवर होणार आहे. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा पुढं-मागं वाकायला बनलाय, पिळायला नाही. कमर वळते तेव्हा ते वळण खुब्यात पडायला हवं. पाऊल वजनाखाली जमिनीला चिकटलेलं असताना कमर फिरवली आणि खुबा आखडलेला असला, तर तो पीळ थेट गादीवर येतो. तुमची चीर तिथंच आहे. मांडी थरथरली, दुसऱ्या दिवशी भरून आली, तर बिघडलं काही नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेवर टोचलं किंवा सकाळी सूज दिसली, तर त्या दिवशी थांबायचं आणि पुढच्या वेळी कमी वाकून उभं राहायचं.

आता शैली. तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. ताईचीचा इतिहास जिथवर नीट मागं जातो ते गाव हेनान प्रांतातलं चेनजियागौ, म्हणजे चेन घराण्याचं गाव. वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग नावाच्या साधूनं ही कला काढली ही आख्यायिका आहे. ती कुणी सांगितली तर ऐकून घ्या, तिच्यावर शिक्षक निवडू नका. पण चेन गावात चेन चांगशिंग यांच्याकडे शिकून बीजिंगमध्ये ज्याच्या नावाचा दबदबा झाला, तो यांग लुचान (१७९९ ते १८७२). चेन गावची मूळ शैली बीजिंगला उघडपणे शिकवायला चेन फाके गेले ते १९२८ साली. मधल्या सगळ्या काळात राजधानीतल्या लोकांना ताईची म्हणून माहीत होती ती यांग आणि तिच्यातून निघालेली वू. तेव्हा बाकी सगळा म्हाताऱ्यांचा व्यायाम हे काही खरं नाही. आणि म्हाताऱ्यांचा व्यायाम असला तरी त्यात कमीपणा कसला? गुडघ्याच्या झिजेसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं २०१९ च्या मार्गदर्शिकेत ताईचीची ठाम शिफारस केली आहे. अर्थात झीज वेगळी आणि गादीची चीर वेगळी, त्यामुळे तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

चेन शैलीत पीळ उघड दिसतो. संथ हालचालीतून एकदम झटका, मध्येच उडी, पाय आपटणं, खाली बसून पुन्हा उठणं. चांगला चेन शिक्षक तुम्हाला उंच उभं करून, आपटणं वगळून शिकवू शकतो आणि ते उत्तमच होईल. पण गर्दीच्या शिबिरात असं कुणी एकट्यासाठी बदलून देत नाही. यांग शैली, विशेषतः यांग चेंगफू (१८८३ ते १९३६) यांनी रूढ केलेली, मोठी, सलग, एका लयीची. गुडघ्याला सोसते, फक्त वळताना लक्ष हवं. वू नावाच्या दोन वेगळ्या शैली आहेत. कोल्हापूरची बहुधा वू जियानच्वान (१८७० ते १९४२) यांची असेल, तीच जास्त पसरलेली आहे. तरी विचारून घ्या. आटोपशीर हालचाल, बहुतेक पावलं समांतर, आणि ढकलण्याच्या सरावावर मोठा भर. सुन शैली सगळ्यात उंच उभी राहते. एक पाय पुढं गेला की दुसरा लगेच मागोमाग येतो, त्यामुळे गुडघा लांब ताणलेल्या अवस्थेत अडकून पडत नाही. संधिवाताच्या रुग्णांसाठी डॉ. पॉल लॅम यांनी बेतलेला कार्यक्रम सुन शैलीवर उभा आहे, तो याच कारणानं. गुडघ्याकडे बघून नुसत्या कागदावर निवडायचं झालं तर सुन पहिली. पण आपल्या भागात सुन शैलीचा शिक्षक हुडकत बसलात तर आणखी चार वर्षं हुडकतच राहाल.

शिंगयीत पाच मूळ ठोसे, पी, बेंग, झुआन, पाओ आणि हेंग, सरळ रेषेत, पुन्हा पुन्हा. तालमीत जोर-बैठका मारलेल्या माणसाला ही शिस्त आवडते. अडचण ‘सांती’ या पवित्र्याची. त्यात साठ ते सत्तर टक्के वजन मागच्या वाकलेल्या पायावर असतं आणि नवशिक्याला त्यातच बराच वेळ उभं करतात. उजवा पाय मागं असेल तेव्हा तुमची परीक्षा आहे.

बाग्वाचं गोलात चालणं दिसायला मोहक आहे खरं. त्यात पाऊल सतत आत किंवा बाहेर वळवून टाकायचं असतं, धड गोलाच्या मध्याकडे पिळलेलं. ते वळण खुब्यातून काढता आलं नाही तर दर पावलाला गुडघा पिळला जातो. दोन वर्षांनी बघू. जाता जाता एक गंमत सांगतो. बाग्वाचे आद्य पुरुष डोंग हायच्वान (मृत्यू १८८२) यांचा गाजलेला शिष्य चेंग टिंगहुआ हा चष्मे विकायचा आणि आधी चिनी कुस्ती खेळलेला होता. डोंग यांच्याकडे येणारे बहुतेक जण दुसरी कुठलीतरी कला शिकून आलेले असत आणि ते ज्याला जे येतं त्यावर त्याचं बाग्वा उभं करत. तुमच्या शिक्षकानं तुमच्या कुस्तीचं असं काही करायला हवं. तुम्ही कुस्तीगीर होतात म्हटल्यावर ‘ते सगळं विसरा’ एवढंच म्हणणारा आणि ‘खांदा असा लावता ना? दाखवा जरा’ म्हणणारा, यातला दुसरा बरा.

मारामारीचं उत्तर थोडक्यात देतो. वर्षभरात स्वतःला वाचवता यायला हवं असेल तर ज्युदो किंवा सांदा (चिनी किकबॉक्सिंग) शिका. ताईचीत लढत आहे, पण ती फॉर्ममधून येत नाही. ढकलण्याच्या सरावातून, तुई शौमधून, समोरचा खरोखर विरोध करू लागल्यावर येते. बहुतेक वर्ग तिथवर पोचतच नाहीत.

आता भेट. कळवून जा आणि पहिल्या दिवशी नुसतं बाजूला बसून बघू द्या म्हणून सांगा. बसू देत नसतील तर तिथंच विषय संपला. बसल्यावर नजर शिक्षकावर ठेवू नका. शिक्षक सुंदर करतोच. दोन-तीन वर्षं येणारे विद्यार्थी कोण ते विचारून घ्या आणि त्यांचे गुडघे बघा. पुढच्या पायावर वजन येतं तेव्हा गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला आहे, की आत अंगठ्याकडे कलंडतोय? चवड्याच्या पुढं जातोय का? वळताना पावलावरचं वजन आधी काढून मग टाचेवर फिरवतात, की वजन ठेवून तसंच रगडतात? काही शाखांत वजन असलेल्या पायावरच वळतात, ते चूक नाही. पण मग खुबा आधी मोकळा होतो आणि गुडघा पावलाबरोबरच फिरतो. कमर पुढं आणि गुडघा मागं, असं होत नाही. दहा मिनिटं बघितलंत की कळेल. तीन वर्षांच्या चारांपैकी तिघांचे गुडघे आत पडत असतील तर शिक्षक कितीही मोठ्या गुरूचा असो, त्याला दिसत नाही किंवा तो बोलत नाही. दोन्ही तुमच्या कामाचं नाही.

मग शिक्षक जरा बाजूला गेले की त्यातल्या मधल्या विद्यार्थ्याला, सगळ्यात चांगल्याला नव्हे, दोन गोष्टी विचारा. गुडघा दुखतो का? आणि सरांनी गेल्या महिन्यात तुमची कुठली चूक काढली? दुसऱ्या प्रश्नाला ‘डावा खांदा वर जातो म्हणाले’ असं नेमकं उत्तर आलं तर वर्ग जिवंत आहे. ‘सगळं मस्त चाललंय’ आलं तर तिथं नुसती कवायत चालते. शिक्षकांना विचारायचं ते एवढंच: कुणाकडे किती वर्षं शिकलात, आणि अजून कुणाकडे जाता का? भिंतीवरचा चिनी गुरूबरोबरचा फोटो शिबिराच्या शेवटच्या दिवशी कुणालाही मिळतो. रीतसर शिष्य म्हणून स्वीकारण्याचा विधी असतो, त्याला बाईशी म्हणतात. त्याचा दाखला असला तरी त्यातून नातं कळतं, शिकवण्याची हातोटी कळत नाही. मात्र ‘यापुढचं मला येत नाही, मी अजून शिकतोय’ असं कुणी सरळ म्हणालं तर त्या माणसाची किंमत मनात वाढवा.

सगळ्यात महत्त्वाचं, हात लावायला मिळतो का ते बघा. दोघांचे उजवे पाय पुढं, मनगटाची मागची बाजू मनगटाला टेकलेली. त्यांना म्हणा, मला हळू ढकला. तुम्ही मल्ल आहात, आपोआप मान आखडेल, मागची टाच रुतेल. रुतू द्या. कच्चा माणूस ढकलतो तेव्हा मनगटावर दाब वाढत जातो, त्याचा दंड टणक होतो आणि तुम्हाला अडवता येतं. मुरलेला माणूस ढकलतो तेव्हा मनगटावर फारसं काही जाणवत नाही, पण मागची टाच सुटायला लागते आणि कुठं अडवावं ते कळत नाही. मग उलटं करा. त्यांच्या हातावर तुम्ही एकसारख्या निम्म्या जोरानं ढकला. झटका द्यायचा नाही, मान धरायची नाही, डाव टाकायचा नाही, पाहुणा आहात. त्यांचा हात भिंतीगत कडक लागता कामा नये आणि लुळाही पडता कामा नये. तुमचा जोर त्यांच्या मागच्या पायात उतरल्यासारखा वाटतो, मग ते जरासे वळतात आणि तुम्ही स्वतःच्याच चवड्यावर येता. त्या क्षणी त्यांचे खांदे बघा, समपातळीत आहेत का. श्वास बघा. पहिल्याच भेटीत इंगा दाखवायला जोरात फेकणारा शिक्षक टाळा. गुडघा तुमचा आहे. आणि हात न लावता विद्यार्थी चार पावलं मागं उडत असतील तर चहा पिऊन परत या.

हे डोक्यात ठेवून कोल्हापूरला जा. तिथं गृहस्थ पुढं झुकलेले दिसतील आणि तुम्ही यूट्यूबवर पाठ ताठ ठेवा असंच ऐकलेलं असेल. वू शैलीत ते झुकणं मुद्दामचं असतं. डोक्यापासून मागच्या टाचेपर्यंत एक तिरकी सरळ रेषा दिसली तर बरोबर. कंबरेतून मोडल्यासारखे किंवा पाठीला पोक काढून झुकले असतील तर चूक. सहा महिने फॉर्म नाही यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट जुनी रीत तीच. पण सहा महिने नुसतं उभं राहणं आणि एकाच जागी ढकलणं तुमच्या गुडघ्याला पुरेसं नाही, पावलं टाकायला शिकणं हवंच. तेव्हा स्पष्ट विचारा की सहा महिन्यांनंतर काय आणि चालण्याचा सराव मधे सुरू करता येईल का. त्यांच्याकडे पूर्ण फॉर्म येणारा एक तरी विद्यार्थी आहे का तेही बघा. नसेल, आणि दहा वर्षं लोक नुसतेच ढकलत असतील, तर अपेक्षा तेवढीच ठेवा.

फुकट शिकवण्याचाही एक धोका असतो. पैसे नाहीत म्हणून वेळ पक्की नसते. आज आहेत, उद्या गावाला गेलेत. आणि विद्यार्थीही भिडेपोटी काही विचारत नाही. महिन्याच्या पहिल्या भेटीला पाकीट ठेवा. घेतलं नाही तर फळं न्या, चहा-साखर न्या, पण नियमित काहीतरी न्या आणि त्या बदल्यात वार आणि वेळ ठरवून मागा. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. आठवड्यातून एकदा सहज जमण्यासारखं आहे, आणि आठवड्यातून एकदा चांगल्या हाताचा स्पर्श म्हणजे आपल्या भागात चैनच म्हणायची.

बेळगाव जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. कराटेचे सर म्हणून नाक मुरडू नका. २४ प्रकारांचा फॉर्म १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगानं यांग शैलीतून छोटा करून बसवला. पाच-सहा मिनिटांचा, नवशिक्यासाठीच. सर तो कुणाकडून शिकले एवढं विचारा आणि वरची गुडघ्याची परीक्षा तिथंही घ्या. कराटेतून आलेल्यांची एक खोड ठरलेली असते. प्रत्येक हालचालीच्या शेवटी किंचित थांबतात आणि हात घट्ट करतात, मागचा गुडघा कुलूप लावल्यागत ताठ होतो. ‘ब्रश नी’ (एक हात गुडघ्यावरून फिरवून दुसऱ्यानं पुढं ढकलायचं) ही हालचाल सलग तीनदा करायला सांगा. तिथं लगेच दिसतं. हे नसेल तर माणूस कामाचा. ‘मला २४च येतात’ असं ते म्हणाले तर २४ शिका आणि पुढची शोधाशोध नंतर.

गोव्याचं गणित बघा. पाच दिवस, रोज पाच तास धरले तरी पंचवीस तास. एवढ्या वेळात हालचालींचा क्रम पाठ होतो, तोही घरी जाईपर्यंत. त्यावर शिक्षकाचं प्रमाणपत्र देणारा ज्या धंद्यात आहे तो ताईची शिकवण्याचा नव्हे. शिबिरं वाईट नसतात. गोव्यात हिवाळ्यात बाहेरून चांगले शिक्षकही येत असतात. वर्षभर काहीतरी मुरल्यावर, प्रमाणपत्राशिवाय, दोन-तीन दिवसांच्या शिबिराला जा आणि जाण्याआधी एका वर्गात किती जण असतात ते विचारा. वीसच्या वर असतील तर तुमच्या पायाकडे कुणाचं लक्ष जाणार? पावसाळ्यात चोर्ला घाटातून जायचा हट्ट नको, हे वेगळं सांगायला नको.

दोन्हीकडे जाऊ का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. पहिलं वर्ष नको. वूमध्ये पावलं समांतर आणि धड झुकलेलं, २४ मध्ये मागचं पाऊल तिरकं आणि धड उभं. दोन्ही एकदम केलंत की शरीर मधलंच काहीतरी धरतं आणि त्या मधल्याची किंमत गुडघा मोजतो. दोघांपैकी एक निवडा, दुसऱ्यांना तसं सांगून या. एक महिना बघतो म्हणा, वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका. दुसरीकडे जायचं नाही अशी अट घालणारा, गुप्त धड्यांसाठी वेगळे पैसे मागणारा किंवा साखरेच्या नाहीतर बीपीच्या गोळ्या बंद करा म्हणणारा भेटला, तर बोलणं वाढवू नका.

शिक्षक ठरेपर्यंत घरी दोनच गोष्टी करा. पहिली, उभं राहणं. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, समांतर, गुडघे जेमतेम सुटलेले, वजन चवड्याच्या गादीमागच्या खळगीवर, हात छातीपुढं गोल. तीन मिनिटांनी सुरू करून दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवा, पंधरावर थांबा. चुकतं ते असं: पाचव्या मिनिटाला खांदे कानाकडे चढतात, कंबर आत जाऊन पोट पुढं येतं आणि भार टाचेवर जातो. आरशाला बाजू देऊन उभे राहा. दुसरी गोष्ट, सोप्यात बारा-पंधरा फूट लांबीची वाट मोकळी करून रिकामं पाऊल टाकण्याचा सराव. सगळं वजन एका पायावर आल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, टाच टेकली तरी तिच्यावर वजन टाकायचं नाही. मध्येच कुणी ‘थांब’ म्हटलं तर टेकलेला पाय पुन्हा उचलता यायला हवा. जाताना दहा, येताना दहा, पाच फेऱ्या. उजव्या पायावर उभं राहायची वेळ येते तेव्हा तुम्ही घाई करणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. तिथंच सावकाश करा.

जागेबद्दल तुम्हाला एक मोह होईल: जुन्या तालमीत, लाल मातीत करावं. छत आहे, माती मऊ आहे, वस्ताद ओळखीचे आहेत. उभं राहायला जरूर जा, पण वळायचा सराव तिथं नको. ती माती पडण्यासाठी घोळलेली असते, ती पाऊल धरून ठेवते. शरीर वळतं, पाऊल वळत नाही, आणि मघाचा तो पीळ आलाच. मातीत वळायचं असेल तर पाऊल उचलून नव्या दिशेला ठेवायचं, फिरवायचं नाही. उलट पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर पाय सटकतो. जून ते सप्टेंबर घरातच बरं. फरशीवर मोजे घालून नको. धावण्याचे जाड, खाचांच्या तळाचे बूटही नकोत, ते मातीइतकेच जमिनीला धरतात. पातळ सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट घ्या.

आठवड्यातून एकदा मोबाईल कमरेच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर ठेवून एक मिनिट समोरून आणि एक मिनिट बाजूनं चित्रण करा. शिक्षक ठरले की ते त्यांना पाठवा आणि एकच चूक सांगा म्हणा. पाच सांगितल्या तर एकही सुधारत नाही.

सुरुवातीचे तीन-चार महिने ढकलण्याच्या सरावात तुम्ही सगळ्यांना हलवाल आणि शिक्षक खूश दिसणार नाहीत. तालमीतली पकड आणि मान तिथं आपोआप कामाला लागते आणि त्यामुळे जे शिकायचं ते शिकलं जात नाही. पंजा उघडा ठेवा, समोरच्याच्या मनगटाभोवती बोटं मिटू देऊ नका, आणि तोल जायला लागला की अडून न राहता एक पाऊल मागं टाका. बरोबरीचे हसतील, हसू द्या. कोल्हापूरला फोन करताना तालमीत होतो हेही सांगा आणि उजव्या गुडघ्याचंही. पहिल्या दिवशी कुठला पाय पुढं ठेवायला सांगतात ते बघा.